हर्नियाचे ऑपरेशन झाले, तरी जांघेतली कळ का जात नाही?



या पत्रिकेत बोंडअळी, खताची मात्रा, बीजप्रक्रिया असे विषय वाचायची तुम्हाला सवय आहे. आजचा विषय माणसाच्या अंगाचा आहे. मी डॉक्टर नाही, कृषी पदवीधर आहे, हे आधीच सांगतो. पण गेल्या हंगामात गावोगाव फिरताना पाच-सहा जणांनी मला बांधावर बाजूला घेऊन, आवाज उतरवून एकच तक्रार सांगितली. "साहेब, हर्नियाचं ऑपरेशन होऊन वर्ष होत आलं. गाठ गेली, पण जांघेत कळ येतेच. घरी सांगितलं तर कामाची टाळाटाळ म्हणतात." मला ते लगेच पटलं, कारण दोन वर्षांपूर्वी माझंही हेच ऑपरेशन झालं आणि पुढचे आठ महिने मी हेच सोसलं. तेव्हा सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांना विचारून जे समजून घेतलं, ते इथे देत आहे.

हर्निया, म्हणजे आपला अंतर्गळ, हा पोटाच्या भिंतीला पडलेल्या कमकुवत जागेतून आतडे किंवा चरबी बाहेर डोकावण्याचा प्रकार. जांघेत गोळा दिसतो, आडवे झाले की बहुधा आत जातो. ऑपरेशनमध्ये तो आत ढकलून भिंत पक्की करतात. आजकाल त्यासाठी बहुतेक ठिकाणी बारीक जाळी बसवतात.

या जाळीविषयी लोकांच्या मनात धास्ती फार. "स्वस्तातली जाळी घातली म्हणून दुखतं" असे मी अनेकदा ऐकले आहे. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा या गावचे सर्जन डॉ. टोणगावकर यांनी तर मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरले आणि २००३ साली त्याचे अनुभव प्रसिद्ध केले. पुढे युगांडा देशात ३०२ पुरुषांवर अशा स्वस्त जाळीची आणि महाग जाळीची तुलना झाली, ती २०१६ साली छापून आली. वर्षभरानंतर हर्निया परत येण्यात किंवा इतर त्रासांत दोन्हींत मोठा फरक दिसला नाही. तेव्हा किमतीवर खापर फोडू नका. जाळी न घालता नुसते टाके घेतलेल्यांनाही हे दुखणे होते.

दुखणे कुठून येते?

ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे दुखणारच. कापलेले मांस भरून यायला वेळ लागतो. पण तीन महिने उलटूनही दुखणे राहिले, तर डॉक्टर त्याला जुनाट दुखणे समजतात. हे दुर्मीळ नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शंभरातल्या १० ते १२ जणांना लक्ष द्यावे लागेल असे दुखणे मागे राहते. रोजचे काम अडावे इतका त्रास होणारे शंभरात अर्ध्यापासून सहापर्यंत. दिवस जातील तसे पुष्कळांचे दुखणे आपोआप उतरते, हेही त्यातच सांगितले आहे.

जांघेतून तीन बारीक मज्जातंतू जातात. जांघेची, मांडीच्या वरच्या आतल्या भागाची आणि अंडकोशाची जाणीव ते मेंदूकडे पोचवतात. ऑपरेशन याच वाटेवर होते. एखादा तंतू ताणला जातो, टाक्यात सापडतो, किंवा जाळीभोवती कातडीखाली जो घट्ट वण तयार होतो त्यात अडकतो. मग जखम नसतानाही तो दुखण्याची वर्दी देत राहतो. खांदेसूज झालेला बैल पाहा. व्रण भरला, केस आले, तरी काही बैल खांद्याला हात लावू देत नाहीत, जू दिसले की मान काढून घेतात. आपण त्या बैलाला ढोंगी म्हणत नाही. माणसाला मात्र चटकन म्हणतो. मलाही एका दवाखान्यात "हे तुमच्या मनात आहे" असे सांगून परत पाठवले होते. चार महिने त्यात गेले.

दुखण्याचे दोन प्रकार ध्यानात ठेवा, कारण औषध त्यावर ठरते. आग होणे, मुंग्या येणे, विजेचा झटका बसावा तशी कळ मांडीत किंवा अंडकोशात उतरणे, चड्डीची शिवण किंवा पायजम्याची नाडी लागली तरी सहन न होणे, हे बहुधा मज्जातंतूचे. खोलवर ठणका, आत काही ओढल्यासारखे, वाकलं किंवा ओझं उचललं की वाढणारे, हे बहुधा वणाचे किंवा जाळीच्या जागेचे. दोन्ही एकत्रही असतात. काही पुरुषांना पत्नीजवळ जाताना, वीर्य बाहेर पडतेवेळी कळ येते. हे सांगायला लाज वाटते, पण डॉक्टरांना ते सांगितलेच पाहिजे, त्यांना त्यातून बरेच कळते. बायकांनाही हर्निया होतो, आणि ऑपरेशननंतरचे दुखणे तरुण माणसांत व बायकांत जास्त आढळते. माउलीने पाटी-घमेलं उचलत ते अंगावर काढू नये.

दवाखान्यात जाण्याआधी घरी एक करून पाहा. कापसाचा बोळा घ्या (तो काय, आपल्या घरचाच!) आणि आधी चांगल्या बाजूच्या, मग ऑपरेशनच्या बाजूच्या जांघेवरून हळू फिरवा. कुठे बधिर लागते, कुठे नुसत्या कापसाने झोंबते, त्या जागेभोवती बॉलपेनने गोल काढा आणि तसेच डॉक्टरांपुढे जा. "सगळीकडे दुखतंय साहेब" यापेक्षा हा गोल जास्त उपयोगी. सोबत ऑपरेशनचा कागद न्या. त्यावर तारीख, बाजू, जाळी घातली की नाही, दुर्बिणीतून केले की चिरा घेऊन, हे लिहिलेले असते. कागद हरवला असेल तर रुग्णालयात मागता येतो.

उपाय काय?

आधी डॉक्टर पाहतील की हर्निया पुन्हा आला आहे का, पू झाला आहे का, की दुखणे कंबरेच्या मणक्यातून किंवा खुब्याच्या सांध्यातून येते आहे. त्यासाठी सोनोग्राफी लागू शकते. हे काही नसेल तर साध्या गोळ्यांपासून सुरुवात होते.

इथे एक गोष्ट जरा खडसावूनच सांगतो. मेडिकलमधून मागून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या महिनोन् महिने खाऊ नका. मला भेटलेल्यांपैकी एका पन्नाशीच्या शेतकऱ्याने वर्षभर रोज दोन गोळ्या घेतल्या, त्याही उपाशीपोटी, उन्हातान्हात, पुरेसं पाणी न पिता. कळ थांबलीच नाही. वर पोटात व्रण झाला आणि तपासणीत मूत्रपिंडावर ताण दिसला. तोवर नांगरट जमेना म्हणून त्याने बैलजोडीही विकली होती. तंतूच्या दुखण्यावर या गोळ्या फारशा चालतच नाहीत. त्याला गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधे लागतात. ती डॉक्टर कमी मात्रेपासून वाढवत नेतात, गुण यायला काही आठवडे लागतात आणि मनाने एकदम बंद करायची नसतात. सुरुवातीला त्यांनी झोप येते, गरगरते. त्या दिवसांत ट्रॅक्टर चालवू नका, मळणी यंत्राजवळ उभे राहू नका.

एवढ्याने भागले नाही तर तंतूभोवती बधिर करणारे इंजेक्शन देतात. याचा फायदा दुहेरी. कळ थांबते, आणि कोणता तंतू दुखावला आहे हेही कळते. काहींना एकदाच पुरते, काहींना पुन्हा घ्यावे लागते. मला तिसऱ्या इंजेक्शननंतर सलग झोप लागली. हे काम भूलतज्ज्ञ करतात. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत वेदनांसाठी त्यांची वेगळी ओपीडी असते, केसपेपर काढतानाच विचारा. सरकारी योजनेत काही बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्र सांगेल.

शेवटचा उपाय पुन्हा ऑपरेशन. त्यात दुखावलेले तंतू कापतात, गरज पडल्यास जाळी काढतात. हे किमान सहा महिने वाट पाहून, इतर उपाय थकल्यावर आणि असे काम नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच करावे. जागा कायमची बधिर राहते, आणि सगळ्यांचेच दुखणे पूर्ण जाईल असे नाही. हे आधी समजून घ्यावे, मगच सही करावी.

डाग देणे, बिब्बा लावणे, जोर लावून चोळणे यांतले काही करू नका. बधिर कातडीला गरम विटेचा शेक लागलेला कळत नाही आणि भाजून फोड येतात, असे एक प्रकरण मी स्वतः पाहिले आहे.

आता कामाचे. "दुखतंय म्हणून पडून राहा" हा सल्ला चुकीचा आहे. चालणे, हलकी कामे सोसतील तशी चालू ठेवावी, त्याने अंग आखडत नाही. जड ओझ्याची मुदत मात्र तुमच्या सर्जनलाच विचारा. युरियाची गोणी आता ४५ किलोची येते, तरी ती एकट्याने खांद्यावर घ्यायची काही गरज नाही, दोघांनी धरावी किंवा बांधावरच सोडून घमेल्याने न्यावी. १६ लिटरचा फवारणी पंप अर्धाच भरा, फेऱ्या वाढल्या तर वाढू द्या. विडी-सिगारेटचा खोकला आणि कुंथावे लागणारी बद्धकोष्ठता, दोन्हींनी जांघेवर ताण येतो, त्यांवर आधी इलाज करा.

जांघेत पुन्हा गोळा आला, तो आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, पोट फुगून वारा सरेना, तर रात्र असली तरी वाट पाहू नका, थेट मोठे रुग्णालय गाठा. ताप, जखमेतून पू, अंडकोशाला अचानक सूज आली तरीही त्याच दिवशी दाखवा.

वर ज्या शेतकऱ्याचे सांगितले, त्याला दोन इंजेक्शनांनंतर बराच उतार पडला. उकिडवे बसले की अजून ओढ लागते म्हणतो, म्हणून खुरपणीला तो पाट घेऊन बसतो. या खरिपात त्याने शेजाऱ्याच्या बैलांवर पेरणी केली. जोडी परत घ्यायला पैसे जमायचे आहेत.