तसबिरीचा जीव कोपऱ्यात

आजोळच्या माजघरात रविवर्म्याच्या लक्ष्मीची तसबीर होती. चित्राचे रंग उतरले होते, कागदाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या, पण सागवानी चौकटीचा एकही सांधा हलला नव्हता. घर उतरवलं तेव्हा ती माझ्याकडे आली आणि मी पहिल्यांदा ती उलटी करून पाहिली. चारी कोपऱ्यांत लाकडाच्याच पातळ चिपा बसवलेल्या होत्या आणि मागे करवतीचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. ज्या सुताराने हे केलं त्याचं नाव कुणालाच आठवत नाही. माझ्या पडवीतल्या कामाची सुरुवात त्या कोपऱ्यांपासून झाली.

राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या रंगीत छपाईमुळे देवादिकांची चित्रं साध्या घरांतही आली. कागद आला की काच हवी आणि काच धरायला चौकट हवी. आजही लग्नाचा फोटो असो की वडिलांचं छायाचित्र, ते भिंतीवर चढतं ते चौकटीच्याच आधाराने.

घरी चौकट करायला फार सामान लागत नाही. बारीक दात्यांची करवत, रंधा, गुण्या, पटाशी, गोंद आणि सुतळी एवढ्यात काम भागतं. लाकूड मात्र निवडून घ्यावं. मी जुन्या दारा-खिडक्यांचं सागवान वापरतो. वर्षानुवर्षं वाळून ते स्थिरावलेलं असतं. ओलसर लाकडाची पट्टी महिन्याभरात पीळ धरते.

मग हिशेब. समजा, चित्र 300 बाय 400 मिलिमीटरचं आहे. पट्टी 25 मिलिमीटर रुंद आणि काच बसायला आतून 6 मिलिमीटरची खाच. म्हणजे प्रत्येक बाजूला चित्राबाहेर 19 मिलिमीटर लाकूड उरतं. लांब पट्टीचं बाहेरचं माप 400 अधिक 38, म्हणजे 438. काच आवळली जाऊ नये म्हणून वर 3 धरायचे, एकूण 441. आखूड पट्टी याच हिशेबाने 341.

खरी परीक्षा पुढे असते. चार पट्ट्यांची आठ टोकं 45 अंशांत कापायची असतात. प्रत्येक कापात अर्ध्या अंशाची चूक एकाच दिशेने झाली, तर आठ मिळून 4 अंश होतात. पहिले तीन कोपरे फट न ठेवता घट्ट जुळवले की ही सगळी चूक चौथ्या कोपऱ्यात फट होऊन समोर येते. म्हणून मी माप जरासं जास्त ठेवून कापतो आणि 45 अंशांचा ठोकळा लावलेल्या फळीवर पट्टी धरून टोक रंध्याने तासतो. धार चांगली असेल तर टोकावरून कागदासारखी पातळ साल निघते. समोरासमोरच्या पट्ट्या पाठीला पाठ लावून तपासायच्या. लांबीत फरक असेल तर कोन अचूक असूनही कोपरे जुळत नाहीत.

कापलेलं टोक गोंद पिऊन टाकतं. म्हणून आधी पातळ गोंदाचा एक हात द्यायचा, तो मुरला की दुसरा. मग चौकटीभोवती सुतळी गुंडाळून, मध्ये काडी घालून पीळ द्यायचा आणि दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे असतील तरच चौकट काटकोनात आहे. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात आडवी चीर पाडून चीप बसवायची. शेवटी स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, कापसाच्या बोळ्याने, एकावर एक पातळ हात.

आपल्या हवेचा विचार मात्र सुटता कामा नये. लाकूड रुंदीत फुगतं आणि आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे पावसाळ्यात जुळवलेला कोपरा उन्हाळ्यात आतल्या बाजूने उघडतो. कडक उन्हाळ्यात जुळवलेला पावसाळ्यात बाहेरच्या टोकाला. पट्टी जितकी रुंद, तितकी ही फट मोठी. कोपऱ्यातली चीप अशा वेळी सांधा सुटू देत नाही. काच आणि चित्र यांच्यामध्येही माउंटचं अंतर ठेवावं, नाहीतर दमट हवेत फोटो काचेलाच चिकटतो.

तुमच्या भिंतीवर जुनी तसबीर असेल, तर एकदा उतरवून उलटी करून पाहा. सांधा सुटला असला तरी चौकट भंगारात देऊ नका. आधी चित्र आणि काच जपून बाहेर काढा. जुना सरस असेल तर तो कोमट पाण्याच्या फडक्याने मऊ होतो. तो पुसून, लाकूड वाळवून, नवा गोंद लावा आणि सुतळीने रात्रभर आवळून ठेवा. लाकूड चांगलं असेल तर तीच चौकट पुढच्या पिढीलाही पुरेल.