हाडाची बॉबिन की लाकडाची?

आधी शिलाई मशीनमधली ती चकती विसरा. लेस विणणाऱ्यांची बॉबिन म्हणजे जेमतेम अर्ध्या वितीची बारीक कांडी. तिच्या मानेवर दोरा गुंडाळायचा, गच्च भरलेल्या उशीवर टाचण्या रोवायच्या आणि कांड्यांच्या जोड्या एकमेकींवरून फिरवत पीळ घालत जायचं. सुई नाही की हूक नाही!

आता हाड की लाकूड? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या बेडफर्डशर, बकिंगहॅमशर भागातल्या बायकांच्या उशीवर दोन्ही नांदत होती.

हाडाची कांडी गुळगुळीत, टिकाऊ आणि लाकडीपेक्षा जड. पण तिची खरी मजा मजकुरात. बारीक टिंबं कोरून त्यांत लाल-निळा रंग भरायचा आणि कांडीभोवती गोल फिरत जाणारी अक्षरं उमटवायची. प्रियकराचं नाव, देवाचं नाव, गेलेल्या आप्ताची आठवण... आणि फाशीसुद्धा! १८६८ मध्ये बेडफर्डला विल्यम वर्सलीला जाहीर फाशी झाली, तर त्याचं नाव आणि साल कोरलेली बॉबिन निघाली. लग्नाची मागणी नि फाशीची बातमी एकाच उशीवर.

लाकूडवालेही कमी नव्हते. कथिलाच्या मिश्रधातूच्या पट्ट्या जडवल्या की ती ‘वाघ’, ठिपके जडवले की ‘बिबट्या’. दांडा पोखरून आत इवलीशी बॉबिन खुळखुळत ठेवली की ‘आई-बाळ’. कांडी मधोमध उघडून पोटातून पिल्लू निघालं, तर नाव ‘गाभण गाय’! (हे नाव ठेवणाऱ्याला माझा सलाम.)

या कांड्यांच्या टोकाला मण्यांचं कडं असतं. ते नुसतं नटण्यासाठी नाही. त्याने वजन वाढतं आणि कांडी उशीवरून घरंगळत नाही. डेव्हनमधल्या हॉनिटन लेसला मात्र हे कडं चालतच नाही. तिथे कांडी दोऱ्याच्या फासातून ओवून काढावी लागते, म्हणून ती सडपातळ, टोकदार आणि लाकडीच.

शेवटी सगळा खेळ ताणाचा. कांडीचं वजन दोरा ताणून धरतं. जाड दोऱ्याला जड कांडी मानवते. केसासारखा दोरा मात्र तिच्या ओढीने तुटू शकतो. म्हणून नवशिक्यांनी एकसारख्या वजनाच्या साध्या लाकडी कांड्या घ्याव्यात. हाडाची आवडलीच तर जोडीने घ्या आणि फरशीवर पाडू नका, एरवी टिकाऊ असलं तरी पडल्यावर हाड तडकू शकतं.