चौकोनात न मावणारी खाडी

समुद्र तापत गेला तर काही दशकांनी कुठल्या पाण्यात कुठला मासा किती मिळेल, याचा हिशेब संगणकावर मांडता येतो. या मांडणीला प्रतिमान म्हणतात. त्याचा कच्चा माल मात्र धक्क्यावर गोळा होतो. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेची माणसे ठरल्या दिवशी बंदरावर हजर होतात. होड्या मोजक्या असतील तर सगळ्यांची मासळी नोंदवायची, गर्दी असेल तर ठरावीक पद्धतीने काही निवडायच्या. पाटीतले पापलेट मोजपट्टी ठोकलेल्या फळीवर आडवे ठेवायचे, तोंड फळीच्या टोकाला टेकवायचे आणि शेपटीच्या दुभागापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये वाचायची. काहींचे पोट चिरून गाभोळी कितपत भरली आहे तेही पाहायचे. काम भराभर उरकावे लागते. लिलाव कुणासाठी थांबत नाही. अशा असंख्य लांब्यांवरून मासा किती वेगाने वाढतो आणि किती वेगाने मरतो, हे काढतात.

दुसरा भाग पाण्याचा. माशाच्या अंगाचे तापमान भोवतालच्या पाण्याबरोबर बदलते. पाणी तापले की त्याला प्राणवायू जास्त लागतो, आणि नेमका तोच कोमट पाण्यात कमी विरघळतो. म्हणून प्रत्येक जातीला मानवणारे तापमान, खोली आणि क्षारता आधी ठरवून घेतात. पुढची शंभर वर्षे समुद्र कसा असेल, हे हवामानाच्या प्रतिमानांतून येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने असे एक प्रतिमान तयार केले आहे. याच संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले, की पश्चिम हिंदी महासागरातले वनस्पतीप्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटले आहेत. वरचे पाणी तापून हलके झाले की खालचे पोषक पाणी वर येत नाही, आणि माशाच्या अन्नसाखळीची पहिली कडीच कमजोर होते.

मग समुद्राचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनात दरवर्षी तोच हिशेब: अन्न किती, मासा किती वाढला, पिल्ले प्रवाहाबरोबर कुठे गेली, पाणी सोसेना म्हणून किती शेजारच्या चौकोनात सरकले. एकाच प्रतिमानावर विसंबत नाहीत, अनेकांची उत्तरे शेजारी ठेवतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका जागतिक ताळ्यात, मासेमारी हिशेबात न धरताही, तापमान १ अंशाने वाढले की समुद्री प्राण्यांचे एकूण वजन सुमारे ५ टक्क्यांनी घटते असे निघाले. उत्सर्जन बेसुमार राहिले तर शतकाअखेरची घट १७ टक्के, पण ११ टक्के इकडेतिकडे. बातमीत १७ चा आकडा छापला जातो, ११ चा गळतो. खरे तर तोच आधी वाचायला हवा.

प्रतिमानाची परीक्षा मागच्या काळावर घेतात. तारलीचे उदाहरण बोलके आहे. १९८५ पर्यंत ती जवळजवळ सगळी १४ अंश अक्षांशाच्या दक्षिणेला, म्हणजे मलबारच्या बाजूला मिळे. पुढच्या दोन दशकांत त्याच्या उत्तरेला तिची आवक वाढत गेली. तापणाऱ्या पाण्याच्या हिशेबात हे बसते. पण केरळात २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन मिळालेली तारली २०२१ मध्ये ३,२९७ टनांवर आली. एवढी पडझड एकट्या तापमानाच्या रेषेने सांगता येत नाही. एल निनो, पाऊस, अन्न आणि पिल्ले खरवडणारी जाळी हे सगळे त्यात आणावे लागते. पालघर किनाऱ्यावरच्या सातपाटीच्या पापलेटाचेही तेच. लहान पापलेट जाळ्यात आले तर दोष समुद्राच्या तापण्याला देऊन मोकळे होता येत नाही.

आता ठाणे खाडीच्या काठावरची ऐरोली या चौकोनांच्या जाळीत शोधून पाहावी. एक अंशाचा चौकोन घेतला तर १९ ते २० अक्षांश आणि ७२ ते ७३ रेखांशांत सातपाटी, वसई, वर्सोवा आणि पूर्वेच्या कडेवर ऐरोली, सगळी एकाच घरात पडतात. ससून डॉक दक्षिणेच्या घरात जाते. चौकोनाची बाजू शंभरेक किलोमीटर, ठाणे खाडीची लांबी २६. अर्ध्या अंशाच्या चौकोनात सातपाटी वेगळी होते, खाडी तरीही दिसत नाही. संगणकाच्या लेखी तिथे समुद्राचे एक सरासरी पाणी असते, नाहीतर जमीन.

प्रत्यक्षात ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, आणि समोरच्या खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य. ओहोटीला चिखल उघडा पडतो. निवट्या तिथेच सरपटतात, चिंबोऱ्या बिळात शिरतात. पावसाळ्यात पाण्याचे खारेपण उतरते, उन्हाळ्यात चढते. वर ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने आणि शहरांचे सांडपाणी. असल्या पाण्यासाठी भरती-ओहोटी, गोडे पाणी, गाळ आणि प्राणवायू धरणारे वेगळे स्थानिक प्रतिमान लागते, आणि त्याला खाडीतल्याच नोंदी लागतात. खाडीतली चिंबोरी, कोळंबी बहुधा मोठ्या धक्क्यावर न जाता पाटीतून थेट गिऱ्हाइकाकडे जाते. तिची मोजणी बंदरातल्या पद्धतीने होणार नाही.

मासळीच्या अंदाजांचा वापर मुदतीवर ठरतो. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहाने टिपलेले पाण्याचे तापमान आणि हिरवेपणा पाहून मासळी कुठे सापडेल याची सूचना देते. ती काही दिवसांपुरती. शतकाअखेरचा अंदाज धोरण ठरवणाऱ्यांसाठी. होडी किंवा इंजिनासाठी कर्ज काढणाऱ्याला पुढच्या पाच-दहा वर्षांचा अंदाज हवा असतो, आणि तोच सगळ्यांत कच्चा; कारण एवढ्या मुदतीत संथ तापमानवाढीपेक्षा एल निनोसारख्या चढउतारांचा जोर जास्त असतो.