भुलीतल्या मेंदूवरच्या लाटा
भूल चढली की मेंदू बंद पडतो, हा समज खरा नाही. प्रोपोफॉल हे भुलीचं औषध शिरेतून दिल्यावर मिनिटभरात शुद्ध हरपते आणि मेंदूच्या बाह्यकात संथ, मोठ्या लाटा उठू लागतात. सेकंदाला एक आवर्तनही पुरे होत नाही इतक्या संथ. लाटेच्या एका टप्प्यात चेतापेशी संदेश सोडतात, दुसऱ्यात गप्प होतात. गंमत म्हणजे ही शांतता सगळीकडे एकदम येत नाही, पिकावरून वारा सरकावा तशी ती पसरते. अपस्माराच्या उपचारासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांच्या २०१२मधल्या अभ्यासात हेच दिसलं: एक भाग जागा असताना दूरचा गप्प. मग संवाद जुळणार कसा? कपाळामागे मात्र सेकंदाला ८ ते १२ आवर्तनांची वेगळीच लय उमटते; भूलतज्ज्ञांना ती ईईजीवर दिसते.