योशिनागा, सायुरी
(१३ मार्च १९४५ – ). विख्यात जपानी चित्रपट-अभिनेत्री व काव्यवाचिका. जन्म टोकिओ येथे. १० मार्च १९४५ रोजी झालेल्या भीषण बाँबवर्षावात या शहराचा पूर्व भाग जळून खाक झाला, त्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी तिचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानचे आणि तिचे वय एकच आहे. या योगायोगाला तिच्या पुढील कार्यामुळे विशेष अर्थ प्राप्त झाला.

प्राथमिक शाळेत असतानाच आकादो सुझुनोसुके (१९५७) या नभोनाट्यमालिकेत तिला काम मिळाले. अशा रीतीने तिच्या कलाजीवनाचा आरंभ चित्राने नव्हे, तर आवाजाने झाला. १९५९ मध्ये तिने चित्रपटात पदार्पण केले व १९६० मध्ये ती निक्कात्सू या चित्रपटसंस्थेत दाखल झाली. त्या काळी जपानी चित्रपटसंस्था आपल्या नटनटींना कराराने बांधून घेत आणि दर आठवड्याला नवा चित्रपट प्रदर्शित करीत. या पद्धतीमुळे १९६१ या एकाच वर्षी योशिनागाला दहाहून अधिक चित्रपटांत भूमिका कराव्या लागल्या.

किरिओ उरायामा या दिग्दर्शकाच्या क्युपोरा नो आरु माची (म. शी. ‘भट्ट्यांचे गाव’, १९६२) या पहिल्याच चित्रपटाने तिला खरी कीर्ती मिळवून दिली. टोकिओजवळील कावागुची या ओतकामाच्या गावात एका बेकार झालेल्या कामगाराची मुलगी दारिद्र्याशी झगडत शिक्षणाची वाट कशी शोधते, हे त्यात दाखविले आहे. या भूमिकेसाठी तिला ‘ब्लू रिबन’ पारितोषिक लाभले. त्याच वर्षी युकिओ हाशी या गायकासमवेत तिने गायिलेल्या युगुलगीताला जपान ध्वनिमुद्रिका पारितोषिक मिळाले. इझु नो ओदोरिको (म. शी. ‘इझूची नर्तकी’, १९६३) आणि आय तो शी ओ मित्सुमेते (म. शी. ‘प्रेम आणि मृत्यू यांकडे पाहताना’, १९६४) या चित्रपटांनी तिची लोकप्रियता शिगेला पोहोचली. तिच्या चाहत्यांना ‘सायुरिस्ट’ असे नावच पडले. चित्रपटांच्या धबडग्यात तिचे माध्यमिक शिक्षण अपुरे राहिले होते. तथापि पात्रता-परीक्षेद्वारे तिने १९६५ मध्ये टोकिओतील वासेदा विद्यापीठात प्रवेश मिळविला आणि पाश्चात्त्य इतिहास हा विषय घेऊन १९६९ मध्ये पदवी संपादन केली.

युद्धाचा विषय तिच्या भूमिकांत याच काळात आला. आय तो शी नो किरोकू (म. शी. ‘प्रेम आणि मृत्यू यांची नोंद’, १९६६) या हीरोशीमात घडणाऱ्या चित्रपटात तिने अणुबाँबच्या किरणोत्सर्गाने ग्रासलेल्या तरुणाच्या प्रेयसीचे काम केले. आ, हिमेयुरी नो तो (१९६८) हा चित्रपट १९४५ च्या ओकिनावाच्या लढाईत परिचारिका म्हणून नेण्यात आलेल्या शाळकरी मुलींविषयी आहे. दूरचित्रवाणीच्या प्रसारामुळे जपानी चित्रपटव्यवसाय पुढे खालावत गेला आणि १९७१ मध्ये निक्कात्सूने आपले धोरण बदलून कामुक चित्रपटांकडे मोर्चा वळविला. निरागस, निर्मळ तरुणीची जी प्रतिमा प्रेक्षकांच्या मनात ठसली होती, तिच्यातून बाहेर पडणे योशिनागाला सोपे गेले नाही. १९७३ मध्ये तिने तारो ओकादा या दूरचित्रवाणी-दिग्दर्शकाशी विवाह केला.

तिच्या प्रौढ कलाजीवनाला वळण दिले ते एनएचकेच्या युमेचियो निक्की (म. शी. ‘युमेचियोची रोजनिशी’, १९८१) या दूरचित्रवाणी-मालिकेने. आकिरा हायासाका या लेखकाने निर्मिलेली नायिका युमेचियो ही डोंगरातील उष्ण झऱ्यांच्या एका गावात राहणारी गेशा आहे. हीरोशीमावर अणुबाँब पडला तेव्हा ती आईच्या गर्भात होती आणि आता रक्ताच्या कर्करोगाने ती हळूहळू मरणाकडे चालली आहे. या मालिकेचे पुढील भाग १९८२ व १९८४ मध्ये आले. १९८५ मध्ये उरायामाने तीवर चित्रपट काढला. तो त्याचा अखेरचा चित्रपट ठरला.

या भूमिकेमुळे अणुबाँबग्रस्तांशी तिचा संबंध आला. १९८६ मध्ये टोकिओतील एका शांतता-मेळाव्यात तिने अणुबाँबविषयक कविता वाचल्या आणि तेव्हापासून हे वाचन तिने आपले जीवितकार्य मानले. सांकिची तोगे (१९१७–५३), तामिकी हारा (१९०५–५१) व सादाको कुरिहारा (१९१३–२००५) हे तिघेही कवी बाँबस्फोटाच्या वेळी हीरोशीमात होते. कुरिहाराच्या एका प्रसिद्ध कवितेत जखमींनी भरलेल्या अंधाऱ्या तळघरात एक स्त्री प्रसूत होते. तिची सुटका करणारी सुईण स्वतःच घायाळ असते आणि पहाट होण्यापूर्वी प्राण सोडते. असे काव्य मोठ्याने व आवेशाने म्हणण्याचा मोह सहज होतो. योशिनागा मात्र ते मंद लयीत, शब्दांमध्ये पुरेसा अवकाश ठेवून वाचते. शोक करणे हे श्रोत्याचे काम आहे, वाचणाऱ्याचे नव्हे, अशी या वाचनाची धाटणी आहे.

१९९७ मध्ये निघालेल्या तिच्या काव्यवाचनाच्या ध्वनिमुद्रिकेचे नाव दाइनी गाकुशो (म. शी. ‘द्वितीय चलन’) असे आहे. पाश्चात्त्य संगीतरचनेत दुसरे चलन बहुधा संथ व शांत असते. त्यामुळे हे नाव तिच्या वाचनपद्धतीला अन्वर्थक ठरते. याच मालेत पुढे नागासाकी (१९९९), ओकिनावा (२००६) व फुकुशिमा (२०१५) यांविषयीच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. फुकुशिमाच्या ध्वनिमुद्रिकेत मार्च २०११ च्या भूकंपानंतर तेथील अणुवीजकेंद्रात झालेल्या दुर्घटनेने उद्ध्वस्त झालेल्यांच्या कविता आहेत. ऑक्टोबर २०११ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे र्युइची साकामोतो (१९५२–२०२३) या संगीतकाराच्या पियानोच्या साथीने तिने या कविता वाचल्या.

या कार्यासोबतच तिच्या भूमिकांनाही नवी परिपक्वता आली. कोन इचिकावाच्या सासामेयुकी (१९८३) व ओहान (१९८४) या चित्रपटांत तिचा संयत अभिनय दिसतो. एइगा जोयू (म. शी. ‘चित्रपट-अभिनेत्री’, १९८७) मध्ये तिने किनुयो तानाका या आधीच्या पिढीतील थोर अभिनेत्रीची भूमिका केली. योजी यामादाच्या काबे (म. शी. ‘आई’, २००८) मध्ये, पतीला विचारांपायी तुरुंगात टाकल्यानंतर मुलींना वाढविणारी माता तिने रंगविली. त्याच्याच हाहा तो कुरासेबा (म. शी. ‘आईसोबत राहताना’, २०१५) मध्ये नागासाकीच्या स्फोटात मारल्या गेलेल्या मुलाच्या आत्म्याशी संवाद करणाऱ्या सुईणीचे काम तिने केले. जपान अकादमीचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक तिला १९८५, १९८९, २००१ व २००६ असे चार वेळा मिळाले. २०१० मध्ये जपान सरकारने सांस्कृतिक क्षेत्रातील गुणवंत व्यक्ती म्हणून तिचा गौरव केला. एव्हरेस्ट शिखरावर चढणारी पहिली महिला जुंको ताबेई हिच्या जीवनावर आधारित चित्रपटात (२०२५) ती वयाच्या ऐंशीव्या वर्षी प्रमुख भूमिकेत दिसली. तो तिचा १२४ वा चित्रपट होय.

प्रत्येक भूमिकेत स्वतःला संपूर्ण बदलून टाकणारी अभिनेत्री म्हणून योशिनागाची ख्याती नाही. प्रेक्षक तिच्यात नेहमी तिलाच पाहत आले, आणि हीच तिच्या अभिनयाची मर्यादा म्हणून दाखविली जाते. परंतु या ओळखीच्या चेहऱ्यामुळे व आवाजामुळेच, अणुबाँबच्या कविता एरवी ज्यांनी वाचल्या नसत्या, अशा असंख्य लोकांपर्यंत त्या पोहोचल्या. स्फोटातून वाचलेल्यांची संख्या वर्षागणिक घटत असताना त्यांची साक्ष पुढील पिढीकडे सोपविणे, हे तिच्या दीर्घ कलाजीवनाचे सर्वांत मोठे श्रेय होय.