परसबागेतील खत : पिशवीपेक्षा शेजारचा डबा घातक

बोरसी (भिलाई), छत्तीसगड : पावसाळा तोंडावर आला की घरोघरच्या अंगणांत आणि गच्चीवरील कुंड्यांत खत घालण्याची लगबग सुरू होते. लागते ते चार-दोन चमचे. उरलेली पिशवी जिन्याखाली, माळ्यावर किंवा पाण्याच्या टाकीमागे जाते आणि पुढील हंगामापर्यंत विस्मरणात पडते. घरातील खताच्या सुरक्षिततेचा प्रश्न याच मधल्या काळाचा आहे.

भिलाईला खत परके नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. झोतभट्टीला लागणारा कोक तयार करताना दगडी कोळशातून जो वायू निघतो, त्यात अमोनिया असतो. तो गंधकाम्लात शोषून घेतला की साखरेसारखे स्फटिक मिळतात. हेच अमोनियम सल्फेट. त्यात सुमारे २१ टक्के नत्र आणि त्याहून किंचित अधिक गंधक असते. पोलादाबरोबर मिळणारे हे उप-उत्पादन 'राजा' या नावाने ओळखले जाते.

हे खत स्वतः जळत नाही, स्फोटही पावत नाही. त्याचा उपद्रव शेजाऱ्यावर अवलंबून असतो. दिवाळीपूर्वीच्या रंगकामासाठी आणलेला चुना अनेक घरांत त्याच कोपऱ्यात असतो. ओल आलेला चुना आणि अमोनियम सल्फेट एकत्र आले की कारखान्याने मोठ्या खटाटोपाने अडकवलेला अमोनिया पुन्हा मोकळा होतो. बंद खोलीत तो डोळे आणि श्वासनलिका होरपळवतो. पावसाळ्यात पाण्याच्या शुद्धीकरणासाठी ठेवलेली ब्लीचिंग पावडर, महाराष्ट्रात जिला टीसीएल म्हणतात, ही तर याहून वाईट सोबतीण. अमोनियायुक्त खत किंवा युरिया तिच्यात मिसळल्यास क्लोरामाइनसारखे विषारी वायू तयार होतात. आम्लधर्मी सुपर फॉस्फेट मिसळल्यास क्लोरीन सुटू शकतो. त्यामुळे खत, चुना आणि ब्लीचिंग पावडर यांना एक फडताळ कधीही देऊ नये.

खत म्हटले की आता अनेकांना स्फोटाची धास्ती वाटते. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरात सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. मात्र सल्फेट आणि नायट्रेट यांतील फरक नावापुरता नाही. भारतात २०११ साली अमोनियम नायट्रेटला स्फोटक ठरवण्यात आले आणि २०१२ च्या नियमांनी त्याची विक्री व साठवण परवान्याखाली आणली. घरगुती बागेसाठी ते आणण्याचे कारणच उरत नाही. परंतु १३:००:४५ असा शिक्का असलेली पोटॅशियम नायट्रेटची किलोभराची पाकिटे बागप्रेमी सर्रास घेतात. हे खत स्वतः पेटत नसले, तरी आगीला प्राणवायू पुरवते. रॉकेल, लाकडाचा भुसा, कोळसा आणि बुरशीनाशक म्हणून वापरला जाणारा गंधक यांच्यापासून ते दूर हवे. हिंदी मुलखात निखाऱ्यांच्या मातीच्या शेगडीला 'बोरसी' म्हणतात. गावाच्या नावाशी तिचा संबंध असो वा नसो, थंडीत ती शेगडी अशा पाकिटांच्या खोलीत पेटवू नये, हे निश्चित.

घरात खरी झुंज असते ती ओलाव्याशी. ३० अंश तापमानाला हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली की युरिया हवेतले पाणी ओढू लागतो. अमोनियम सल्फेट ८० टक्क्यांच्या जवळपास तग धरते. छत्तीसगडच्या पावसाळ्यात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. युरिया आणि सुपर फॉस्फेट आधीच मिसळून ठेवण्याची सवयही महागात पडते. सुपर फॉस्फेटच्या स्फटिकांत बांधलेले पाणी युरियामुळे सुटते आणि दोन कोरड्या खतांचा चिखल होतो. मिश्रण वापराच्या दिवशीच करावे.

गोठलेल्या खताने इतिहासात भीषण किंमत वसूल केली आहे. जर्मनीतील ओपाऊ येथे अमोनियम सल्फेट व नायट्रेट यांचे मिश्रण कोठारात घट्ट बसत असे आणि ते सुरुंग लावून फोडण्याची प्रथा होती. २१ सप्टेंबर १९२१ रोजी त्याच कोठारात स्फोट होऊन ५०० हून अधिक माणसे दगावली. घरातील युरियाच्या ढेकळांना असा धोका नसतो. ती पाण्यात विरघळवून, पातळ करून झाडांना देता येतात.

खतासाठी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा बरा. अमोनियम सल्फेट लोखंडी पत्रा खाते आणि सिमेंटही पोखरते, म्हणून डबा जमिनीऐवजी लाकडी फळीवर ठेवावा. मूळ पाकीट डब्यातच राहू द्यावे. मिठा-साखरेच्या बरण्या आणि शीतपेयांच्या बाटल्या मात्र वर्ज्य मानाव्यात, कारण युरियाचे पांढरे दाणे लहान मुलाला खाऊच वाटतात. कुणाच्या पोटात खत गेल्यास ओकारी काढण्याच्या खटपटीत न पडता पाकिटासह रुग्णालय गाठावे. नावावरून डॉक्टरांना उपचार ठरवता येतो.

गाईगुरांना युरिया अधिक घातक आहे. त्यांच्या पोटात त्याचा झपाट्याने अमोनिया होतो आणि जनावर काही तासांत दगावू शकते. खत कालवलेली बादली फाटकाजवळ उघडी ठेवणे मोकाट गुरांच्या वस्तीत अक्षम्य निष्काळजीपणा ठरतो.

सेंद्रिय खते निरुपद्रवी असतात, हा समजही तपासून घ्यावा लागतो. हाडांच्या चुऱ्याच्या वासाने कुत्री येतात. एरंडीच्या पेंडीतील रिसिन त्यांच्या जिवावर बेतू शकते. गांडूळखताची गरज तर अगदी उलटी आहे. त्याला सावली, थोडी ओल आणि हवा लागते. हवाबंद डब्यात ते कुजते. जिवाणू खतांची पाकिटे उन्हाळ्याच्या ४५ अंशांत पत्र्याच्या छपराखाली राहिली, तर त्यांतील जिवाणू मरतात आणि ग्राहक केवळ भुकटी विकत घेऊन बसतो.

युरियाची पोती आता ४५ किलोंची असतात. कुंड्यांसाठी एवढे खत आणल्यास ते वर्षानुवर्षे सरत नाही, म्हणून लहान पाकीट घेणेच शहाणपणाचे. शेजारच्या शेतकऱ्याकडून रिकामे पोते मिळाले, तरी धुऊन त्यात तांदूळ भरू नये; विणलेल्या धाग्यांत खताचे कण उरतात.