जुनी ट्रॅव्हल ट्रेलर, नवा धंदा : पैसा रंगात नाही, भिंतीच्या आत आहे!



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण अमेरिकेतला एक भन्नाट व्यवसाय पाहिला. १९५०-६०च्या दशकातल्या, गाडीमागे ओढायच्या जुन्या ट्रेलर विकत घ्यायच्या, नव्यासारख्या करायच्या आणि विकायच्या किंवा भाड्याने द्यायच्या. एअरस्ट्रीमची चकचकीत ॲल्युमिनियमची ट्रेलर, मागे पंख असलेली शास्ता... नुसतं बघूनच माणूस प्रेमात पडतो.

आणि नवशिक्याचा पैसा तिथेच अडकतो. तो आधी रंग, पडदे, गाद्या घेतो. ट्रेलर मात्र आतून कुजलेली असते.

आधी सांगाडा, मग सगळं

त्या काळातल्या बऱ्याच ट्रेलरचा सांगाडा लाकडी, त्यावर बाहेरून पातळ पत्रा. छताच्या सांध्यातून पाणी आत झिरपलं की लाकूड कुजतं, आणि बाहेरून काही कळत नाही. एअरस्ट्रीमचं अंग ॲल्युमिनियमचं असलं तरी जुन्या ट्रेलरमधली जमीन प्लायवूडची, म्हणजे तिलाही हाच रोग. म्हणून खरेदीआधी कोपऱ्यांत, खिडक्यांखाली आणि मागच्या बाजूला जमीन दाबून बघायची. मऊ लागली, तर भाव तिथेच पाडायचा.

कामाचा क्रम असा : चासी, ॲक्सल आणि टायर, गळती, सांगाडा आणि जमीन, वीज-पाणी-गॅस, भिंती, आणि सर्वात शेवटी सजावट. हा क्रम मोडला तर केलेलं काम उकलून पुन्हा करावं लागतं. मजुरी दोनदा, नफा शून्य.

वीज : गणित आधी, वायर नंतर

अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची. ट्रेलरला ३० ॲम्पिअरचं कनेक्शन असेल तर एकूण ३,६०० वॅट मिळतात. एसी १,५०० वॅट, किटली १,५०० वॅट, मायक्रोवेव्ह आणखी हजारभर. तिन्ही एकदम लावले की ब्रेकर पडलाच!

दुसरी लाइन बॅटरीची, १२ व्होल्टची. १२० वॅटचं उपकरण १२० व्होल्टवर १ ॲम्पिअर घेतं, पण १२ व्होल्टवर १० ॲम्पिअर. म्हणून इथे वायर जाड लागते आणि फ्यूज बॅटरीच्या जवळच हवा. बारीक वायर तापते, आणि आजूबाजूला सगळं लाकूड!

पाणी : वजन विसरू नका

३० गॅलनची टाकी म्हणजे साधारण ११३ लिटर, म्हणजेच ११३ किलो. ती कुठे बसवता यावर ट्रेलरचा तोल ठरतो. एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या हुकावर यावा. तो कमी पडला तर वेगात ट्रेलर मागे डुलायला लागते. जुन्या छोट्या ट्रेलरमध्ये बऱ्याचदा सांडपाण्याची टाकीच नसायची, त्यामुळे ती जागा आधीच राखून ठेवा. थंडीत पाणी गोठून पाइप फुटतात, म्हणून सर्वात खालच्या जागी पाणी काढून टाकायचा कॉक हवाच.

गॅस : इथे काटकसर नाही

इथे मात्र गंमत संपते, कारण या ट्रेलरमध्ये रात्री कुणाचं तरी कुटुंब झोपणार आहे. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो. गळला की जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा डिटेक्टर खाली लावतात. कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो, त्याचा डिटेक्टर वेगळा. सिलिंडर बाहेर, हीटरचा धूर बाहेर. जुना रेग्युलेटर आणि होसपाइप सरळ बदला. प्रेशर टेस्ट जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्या.

मग धंदा कुठे आहे?

ग्राहकाला रंग दिसतो, वायर दिसत नाही. म्हणून जे दिसत नाही तेच विकायला शिका :

१. भिंत बंद करण्याआधी प्रत्येक वायर, पाइप आणि जोडाचे फोटो काढा.
२. वीज-पाणी-गॅसचा नकाशा आणि टेस्टची नोंद फाइलमध्ये ग्राहकाला द्या.
३. दुसऱ्याची ट्रेलर दुरुस्त करताना कोटेशन दोन टप्प्यांत द्या. आधी उघडून तपासायची फी, मग पूर्ण काम. न उघडता दिलेला आकडा म्हणजे आपल्याच खिशाला भोक.

रंग बघून ग्राहक दारात येतो, पण चांगला भाव देतो तो ही फाइल बघून.

आपल्याकडे सेकंड-हँड टेम्पोचा फूड ट्रक करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. फक्त आकडे आपले : वीज २३० व्होल्ट, आणि धंद्यासाठी घरगुती नाही, व्यावसायिक सिलिंडर.

आजचा गृहपाठ : तुमच्या नियोजित गाडीतल्या प्रत्येक उपकरणाचे वॅट लिहा आणि त्यातली एकाच वेळी चालणारी किती, त्याची बेरीज करा. रंग निवडायचा तो त्यानंतर!

भेटूया पुढच्या व्हिडिओत. कामाला लागा!